घोडा ठेवला घाटाखाली

माझ्या आजीला घोड्यावर बसलेले महाराज कधी पटले नाहीत. तिचा आक्षेप साधा होता. "देवीच्या दारात कुणी घोड्यावर बसून येतं व्हय?" तिच्या गोष्टीतले महाराज सोलापूरच्या अंगाने यायचे, बालाघाटाच्या पायथ्याशी घोडा सोडायचे आणि अनवाणी घाट चढायचे. कल्लोळ तीर्थात हातपाय धुवायचे, गोमुखाचं पाणी डोक्यावर घ्यायचे आणि मग चिंतामणीपुढे बसायचे. चिंतामणी म्हणजे देवळाच्या आवारातला तो गोल दगड. त्यावर दोन्ही हात टेकवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. मोहिमेला निघण्याआधी महाराज त्यालाच विचारायचे, हे तुळजापुरात शेंबडं पोरसुद्धा सांगतं. आजीच्या सांगण्यात एक जास्तीची ओळ असायची: दगड नाही म्हणाला तर महाराज मुकाट्याने परत जायचे, दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. हे ती माझ्या चुलत्यांकडे बघून म्हणायची, कारण ते तिसऱ्यांदा विचारणाऱ्यांतले.

आमचं दुकान महाद्वाराच्या रस्त्याला. कवड्यांच्या माळा, परड्या, पोत, कुंकू. त्या दुकानात बसून ऐकलेला इतिहास असा सरमिसळीचा असतो. गिऱ्हाईक आलं की गोष्ट थांबते, आराधी बायका जोगवा मागून पुढे गेल्या की पुन्हा सुरू होते, आणि मधल्या वेळात तिच्यात काहीतरी भर पडलेली असते.

महाराज खरोखर तुळजापूरला आले होते का, यावर इतिहासवाले मान हलवतात. त्यांचं कारण भूगोलाचं आहे. तुळजापूर तेव्हा आदिलशाही मुलखात. कुलस्वामिनी शत्रूच्या राज्यात, मग दर्शनाला जायचं कसं? म्हणून १६६१ साली प्रतापगडावर भवानीचं देऊळ उभं राहिलं. त्याआधी दोनच वर्षं, १६५९ मध्ये, अफजलखान विजापुराहून निघाला होता. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की खानाने तुळजापूरची भवानी फोडली आणि जात्यात भरडली. आमच्याकडे हे वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही. खान यायच्या आधीच भोपे पुजाऱ्यांनी मूर्ती हलवून लपवली, खानाच्या हाती भलतंच काहीतरी लागलं, ही गावाची बाजू. तिला आधार म्हणून देवळातलीच रीत दाखवतात. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, निद्रेच्या दिवसांत ती सिंहासनावरून उचलून पलंगावर ठेवतात. जी नेहमीच्या रिवाजात हलते, तिला संकटात हलवायला किती वेळ लागतो? बखर आणि गाव यांच्यातला निवाडा मी करत नाही. पण त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला, तेव्हा तुळजापुरात त्याचा अर्थ एकच लागला असणार.

असा हा राजा आमच्याकडे पायी आलेला. नवरात्रात भवानी तलवार अलंकार पूजा मांडतात, तेव्हाही देवी महाराजांना तलवार देते आहे असा देखावा असतो. घोड्याचं काम नंतरचं. तलवार मिळाली की मग रिकिबीत पाय.

घोडा आमच्या घरात आणला आबांनी. आबा म्हणजे आजोबा. दुकानाच्या मालासाठी ते सोलापूरला जात. आज तासाभराचा रस्ता, पण तेव्हा तो परदेशप्रवास होता. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं. मध्ये करोडगिरीचा नाका. तिथे गाठोडी उसकून बघत, जकात घेत, आणि नाणंही बदलायचं: इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. तिसाच्या आसपास कधीतरी आबांनी सोलापुरात पुण्याच्या पुतळ्याची तसबीर पाहिली आणि घेतली. ती कुंकवाच्या पोत्यात घालून नाक्यावरून कशी पार केली, हे ते रंगवून सांगत. दर दोन-तीन वर्षांनी नाक्यावरचा शिपाई एकेका इंचाने वाढत असे. तसबीर मात्र खरी होती. लाकडी चौकट, कडेला कुंकवाचा डाग.

त्या तसबिरीतला पुतळा पुण्याच्या भांबुर्ड्यातला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरातला. त्याची कूळकथा आबांना जितकी ठाऊक होती त्यापेक्षा गमतीची आहे. कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. पुण्यात महाराजांवर हक्क सांगणारे तेव्हा एकापेक्षा जास्त होते. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पोवाडा लिहून कुळवाडीभूषण राजा पुढे आणला होता. टिळकांनी नव्वदीच्या दशकात रायगडावर उत्सव सुरू केला होता. आता शाहू महाराजांना पुण्याच्या छातीवर मराठ्यांचं स्मारक हवं होतं, आणि ते सरकारला नाही म्हणता येऊ नये अशा रीतीने. म्हणून पायाभरणीला त्यांनी बोलावला थेट प्रिन्स ऑफ वेल्स. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी रक्त सांडलेलंच होतं, तेव्हा युवराजाला येणं भाग होतं.

आता तो मुहूर्त बघा. १७ नोव्हेंबर १९२१ ला युवराज मुंबईला उतरला. काँग्रेसचा बहिष्कार होता. गिरगाव-परळात परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, दंगली झाल्या, गांधीजींनी उपास धरला. आणि दोनच दिवसांनी, १९ तारखेला, हाच युवराज पुण्यात शिवस्मारकाचा पहिला दगड बसवत होता. ज्याने परक्या सत्तेशी उभा जन्म झुंज दिली त्याच्या स्मारकाला परक्या सत्तेच्या वारसाचा हात! राष्ट्रीय पक्षाच्या लोकांना हे झोंबणं साहजिक होतं. शाहू महाराजांचा हिशेब मात्र निराळा होता आणि मला तो चुकीचा वाटत नाही. सरकारी हाताने बसवलेला दगड उद्या सरकारला उपटता येत नाही.

पुढचा दगड बसायला वेळ लागला. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. स्मारकाचे दुसरे आधार ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ मध्ये पॅरिसला वारले. काम शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या अंगावर आलं. पुतळ्याचं काम आधी गणपतराव म्हात्र्यांकडे होतं, मंदिरपथगामिनी घडवणारे म्हात्रे. ते तिथून सुटलं आणि विनायक पांडुरंग करमरकर या पस्तिशीच्या शिल्पकाराकडे आलं.

करमरकरांबद्दल थोडं थांबूनच सांगायला हवं. अलिबागजवळचं सासवणे हे त्यांचं गाव, जन्म १८९१ चा. पोरवयात त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले. फिरतीवर आलेल्या ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टराने ते पाहिले, पोराला बोलावून घेतलं आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची सोय करून दिली. पुढे कलकत्ता झालं, लंडन झालं, आणि हे सगळं वळण घेऊन करमरकर परत आले ते त्याच विषयावर: घोडा आणि महाराज. भिंतीवर चुन्या-काजळीत काढलेलं आता ब्राँझमध्ये काढायचं होतं. सासवण्याचं त्यांचं घर आज शिल्पसंग्रहालय आहे. तिथल्या माणसांच्या आणि जनावरांच्या पुतळ्यांमधून फिरताना कळतं की या माणसाला जिवंत मांसाचं वजन ठाऊक होतं.

घोड्याच्या पुतळ्यात खरी कसोटी पायांची. घोड्याचं धड भलं दांडगं आणि पाय काटकुळे. धड पोकळ ओतता येतं, पण त्याचा आणि स्वाराचा मिळून सगळा भार त्या बारीक नळ्यांमधून चौथऱ्यात उतरवायचा असतो. घोडा दोन पायांवर उभा केला तर मग शेपटीचाही खांब करावा लागतो. माद्रिदला स्पेनच्या चौथ्या फिलिपचा तसा पुतळा आहे, सतराव्या शतकातला, आणि त्याचा तोल साधायला गॅलिलिओचा सल्ला घेतला होता अशी तिकडची वदंता. म्हणजे घोड्याच्या पुतळ्याभोवती दंतकथा जमायला आपलीच माणसं लागतात असं नाही. आपल्याकडची आवडती दंतकथा अशी की घोड्याचा एक पाय उचललेला असला तर स्वार जखमांनी गेला, दोन उचललेले असले तर रणात पडला, चारही टेकलेले असले तर अंथरुणावर. चुलते हे दुकानातल्या गिऱ्हाइकांना ठासून सांगत. महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर आजारपणात गेले आणि गावोगावचे त्यांचे घोडे पुढचे दोन्ही पाय उधळून उभे आहेत, हे लक्षात आणून दिलं की म्हणत, "मग ते पुतळे चुकलेत."

करमरकरांचा पुतळा मुंबईत माझगाव डॉकमध्ये ओतला गेला. साडेतेरा फूट उंच, वजन ८ टनांच्या घरात. एवढं धूड रेल्वेने पुण्याला न्यायचं. आबांची सगळ्यात आवडती जागा ही. मध्ये खंडाळ्याचा घाट, घाटात बोगदे. त्यांना सोलापूर स्टेशनातल्या कुणा हमालाने सांगितलेलं: आधी एक रिकामी वाघीण महाराजांच्या उंचीची चौकट बांधून बोगद्यातून नेली. कुठे घासलं नाही. मग पुतळा चढवला. इंजिन इतकं हळू चालवलं की ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत बरोबर चालत होता. शेवटच्या बोगद्यापाशी गोरा साहेब म्हणाला, थोडा आडवा करू या. त्यावर मराठी फिटर म्हणाला, "साहेब, डोंगर वाकवा, हे वाकायचे नाहीत." इथे आबा थांबत आणि समोरचा हसला की पुढे जात. वाघिणीच्या मापांचं ठीक आहे. फिटरचं वाक्य दरवर्षी थोडं बदलत असे, त्यावरून त्याचा कर्ता ओळखू येत होता.

१६ जून १९२८ ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी पुतळ्याचं अनावरण केलं. पायाभरणीला राजपुत्र, अनावरणाला गव्हर्नर. मधले स्वार मात्र खाली न बघता समोर बघत राहिले. पुढे १९३२ मध्ये तिथे मुलांची लष्करी शाळा सुरू झाली, आणि आजही पुतळा तिच्या आवारात आहे.

आमची तसबीर दुकानात लागायला १९४८ उजाडावं लागलं. रझाकारांच्या धामधुमीत घरातली बायका-मुलं सोलापूरला नातेवाइकांकडे पाठवलेली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली आणि पहिली गाठ पडली आमच्याच तालुक्यात, नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत ताब्यात आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. पाच दिवसांत, १७ तारखेला, निजामाने शरणागती दिली. माणसं परत आली, दुकान उघडलं, आणि आबांनी माळ्यावरून ती तसबीर काढली. ठोकायला उभे राहिले तर आजी मध्ये आली. भिंतीवर देवीची तसबीर होती. घोडा तिच्या बरोबरीला लावायचा नाही. तो खाली, हातभर खाली लागला. ती जागा पुढे रंगरंगोटीतही कुणी बदलली नाही.

चुलते, आमचे तात्या, तेव्हा तेरा वर्षांचे. त्यांच्या वाट्याचा पुतळा आणखी नऊ वर्षांनी आला, प्रतापगडावर. तोवर निजाम जाऊन हैदराबाद राज्य आलं होतं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तेही मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात घातला गेला होता. मराठी मुलूख एका छत्राखाली आला खरा, पण गुजरातच्या गाठीसह. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. प्रतापगडावर महाराजांचा १७ फुटी अश्वारूढ पुतळा उभा केला गेला आणि ३० नोव्हेंबर १९५७ ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते अनावरण ठरलं.

संयुक्त महाराष्ट्र समितीने ठरवलं, नेहरूंना काळी निशाणं दाखवायची. कारणं दोन. मुंबईसह महाराष्ट्र द्यायला दिल्ली तयार नव्हती, आणि हुतात्म्यांचं रक्त अजून वाळलं नव्हतं. दुसरं कारण पुस्तकाचं. नेहरूंनी तीसच्या दशकात तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांत जगाचा इतिहास सांगितला होता. त्यात अफजलखान प्रसंगावरून महाराजांना कमी लेखणारा मजकूर होता. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी तो बदलला, पण आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'चा तो काळ. 'मराठा'ला जुन्या आवृत्तीत जास्त रस होता. आणि आम्हा तुळजापूरकरांना त्या एका प्रसंगाबद्दल कुणी काही बोललेलं चालतच नाही. आमच्या लेखी खान प्रतापगडाला पोचला तेव्हा तुळजापूरचा गुन्हा करून आलेला होता.

तात्या तेव्हा सोलापुरात शिकायला होते. ते ट्रकमधून गेले. आबांना सांगितलं, प्रतापगडच्या देवीच्या दर्शनाला जातो. खोटं नव्हतं, अपुरं होतं. रात्र वाईला कृष्णेच्या घाटावर काढली. तात्यांच्या आठवणीत थंडी फार आहे, पिठलं-भाकरी आहे, आणि शाहिरांचे डफ आहेत. सकाळी पसरणीचा घाट माणसांनी भरला. पंतप्रधानांची गाडी त्याच घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणार होती. एस. एम. जोशींची सक्त ताकीद होती: दगड नाही, शिवी नाही, रस्ता अडवायचा नाही. दोन्ही कडांनी काळी निशाणं घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

"गाडी आली, गेली," तात्या सांगतात. "नेहरूंकडं बघायचं की घोषणा द्यायची हेच कळंना. मी बघत राहिलो. शेजारच्यानं ढोसलं तवा निशाण हलवलं." नेहरूंवर त्यांचा राग नव्हता, हे ते आजही आवर्जून सांगतात. नळदुर्गच्या पुलाकडे जी फौज गेली ती त्यांच्याच सरकारची, हे तेरा वर्षांच्या पोराने डोळ्यांनी पाहिलेलं. रागापेक्षा गोंधळ मोठा होता. घाटात उभ्या असलेल्या हजारोंपैकी एकालाही पुतळा नको नव्हता. उलट ज्यांना तो सगळ्यात जास्त हवा होता तीच माणसं काळं कापड घेऊन रस्त्यावर होती, आणि वर गडावर चौथऱ्याभोवती बंदोबस्त होता. पुण्याला १९२१ मध्ये जे झालं त्याचीच ही दुसरी आवृत्ती, फक्त या वेळी राजपुत्राच्या जागी आपण निवडून दिलेला माणूस होता, आणि म्हणून ती जास्त लागली. त्या दिवशी चव्हाणांनी पंतप्रधानांना मराठी माणसाचा राग घाटभर दाखवला की राग असूनही कार्यक्रम पार पडतो हे दाखवलं, यावर आमच्या दुकानात पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. तात्यांचं मत असं की दोन्ही दाखवलं, आणि १ मे १९६० दोन्हींमुळे आला.

गर्दी ओसरल्यावर तात्या गडावर गेले. दर्शनाचं सांगून निघालेले, तेव्हा आधी देवीकडे. ती माचीवर, खालच्या अंगाला. मग बालेकिल्ल्यावर पुतळ्याकडे. चौथरा, घोडा, महाराज, खाली जावळीचं रान. घरी येऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. आबांनी मोर्चाचं ऐकून एक शिवी हासडली आणि दोनदा सगळं पुन्हा सांगायला लावलं. आजीने एवढंच विचारलं: देऊळ खाली आणि घोडा वर? तात्या हो म्हणाले. "मंग ते महाराजांनी केलेलं नसंल," ती म्हणाली, आणि परड्या मोजायला लागली.

तिच्या या शेऱ्यावर मी बराच विचार केला आहे. देऊळ बांधलं महाराजांनी, पुतळा बसवला सरकारने. भक्ताने स्वतःसाठी खालची जागा घेतली असती. सरकारला उंची लागते, लांबून दिसणं लागतं, पायऱ्या आणि फलक लागतो, फलकावर अनावरण करणाऱ्याचं नाव लागतं. मुंबईत २६ जानेवारी १९६१ ला गेटवेसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला तो पंचम जॉर्जच्या जागी. नव्या राज्याचा पहिलाच प्रजासत्ताक दिन होता. १९६५ मध्ये काळा घोडाही हलवला. त्यावरचा स्वार सातवा एडवर्ड, म्हणजे पुण्याला पायाभरणी करून गेलेल्या त्या राजपुत्राचा आजा. १८७९ साली ससूनने दिलेला तो पुतळा भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेऊन ठेवला, आणि राणीचा बाग आता कुणाच्या नावाने आहे हे बघून तात्यांना जो आनंद होतो तो लपत नाही. स्वार गेला तरी चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. लोकांनी राजाची आठवण ठेवली नाही, जनावराची ठेवली.

आता तुळजापुरातही शिल्प व्हायचं आहे. तुळजाभवानी महाराजांना भवानी तलवार देते आहे, असं १०८ फुटी. देवस्थानाच्या विकास आराखड्यातलं. घाट चढून वर येणाऱ्याला लांबूनच दिसेल असं. आराखडा बाहेर आला आणि वाद पेटला: देवी अष्टभुजा दाखवायची की दोन हातांची? देवळातली मूर्ती अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी, मग बाहेरची वेगळी कशी, असं एक म्हणतो. तलवार देतानाचा प्रसंग आईचा आहे, असं दुसरा म्हणतो. पुजारी, पुढारी, इतिहासवाले, सगळे बोलले. आमच्या दुकानाच्या पायरीवरही बैठक बसली. आजी असती तर हातांच्या संख्येबद्दल तिला काही म्हणायचं नसतं. महाराज चालत आलेले दाखवलेत का, एवढं तिने पाहिलं असतं.

तात्या नव्वदीला टेकले आहेत. पायरीवरच्या त्या बैठकीत मी त्यांना विचारलं, तुमचं मत काय, आठ की दोन? ते म्हणाले, "हात किती बी असू दे. उघडायला कोण येणारे, ते विचारून सांग. निशाण कुठल्या रंगाचं घ्यायचं ते ठरवावं लागंल."